नावापर्यंत न पोचलेला सेगाह

ओल्या लोकरीतला दमट वास जाईल एवढं ऊन यॉर्कशरमध्ये पडू लागतं ते मार्चच्या मध्यावर. तेही कंजुषीनं, तासभर उजेड, मग भुरभुर, मग पुन्हा ढगाच्या फटीतून पिवळसर असं काहीतरी. यंदा ते पडलं, तेव्हा मी कचऱ्याची पिशवी टाकायला मागच्या गल्लीत गेलो होतो. लीड्समधल्या आमच्या या जुन्या विटांच्या घरांमागे गल्लीवर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, आणि उन्हाची चाहूल लागली की सगळी गल्ली चादरींनी भरून जाते. शेजारच्या घरात आता एक पोलिश कुटुंब राहतं. त्यांनी जाड लोकरीचं पांघरूण दोरीवर टाकलं होतं आणि त्याच्या खालच्या कडेवरून थेंब गळत होते. बस, एवढंच. मी पिशवी टाकली, घरात आलो आणि दार लावून घेतलं. पाच वर्षं झाली, तरी मार्चच्या उन्हात वाळणाऱ्या लोकरीसमोर मला उभं राहवत नाही.

लेखन हा माझा प्रांत नव्हे. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत इतरांच्या रक्ताचे नमुने तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जे लिहिलं ते अहवाल, आणि अहवालात ‘मी’ हा शब्द वर्ज्य असतो. शाळेत निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, परंतु तो व्यासपीठावर वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा मी ताप आल्याचं सांगून घरी बसलो. तेव्हापासून बावन्नाव्या वर्षापर्यंत स्वतःविषयी एक ओळ लिहिली नाही. आता लिहितो आहे ते धीट झालो म्हणून नव्हे. जे बोलायचं होतं ते बोलण्याच्या दोन्ही वेळा टळून गेल्या, आणि कागद निदान समोर बसून वाट बघत नाही, म्हणून.

ते वर्ष दोन हजार चार. शेजारच्या घरात तेव्हा आयनूर आणि तिची आई राहत असत. आयनूर आमच्याच हॉस्पिटलात रुग्णांचं रक्त काढण्याचं काम करी. तिनं भरलेल्या नळ्या माझ्या टेबलावर येत, आणि आमची ओळख अशी नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांतून झाली. तिची आई सोल्माझ खानुम. खानुम म्हणजे बाई, आपल्याकडच्या ‘बाईं’सारखंच आदराचं. अझरबैजानात काराबाखच्या बाजूला त्यांचं गाव होतं. ते युद्धात गेलं. तिथल्या संगीतशाळेत त्या मुलांना गाणं शिकवत. त्यांच्या नावाचा अर्थ ‘न कोमेजणारी’ असा होतो, असं आयनूरनं सांगितलं, आणि पुढे हसून म्हणाली, “नाव ठेवणाऱ्यानं लीड्सचा हिवाळा पाहिला नव्हता.”

मंगळवारी दुपारनंतर मला सुट्टी असे. फेब्रुवारीच्या अखेरच्या अशाच एका मंगळवारी मी कचऱ्याची पिशवी घेऊन मागचं दार उघडलं तर गल्लीतल्या फरसबंदीवर जुनी चादर अंथरून, त्यावर गादीतली लोकर पसरून, सोल्माझ खानुम ती लांब काठीनं झोडत होत्या. नव्या वर्षाआधी घरातली सगळी लोकर उसवायची, धुवायची, वाळवून झोडायची, अशी त्यांची पद्धत. त्यांचं नवं वर्ष, नवरोज, वसंतात येतं, आणि त्याआधीचे चार मंगळवार सणाचे: पाण्याचा, अग्नीचा, वाऱ्याचा, मातीचा. मला हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी फक्त काठीचा आवाज ऐकू येत होता. मग काठी थांबली, आणि गळा सुरू झाला.

मी थोडंफार गाणं ऐकलेला माणूस आहे. अमरावतीला रात्र रात्र नव्हे, पण रविवारच्या सकाळच्या बैठका पुष्कळ ऐकल्या. त्यामुळे प्रथम मन आपल्या ओळखीच्या खुणा शोधू लागलं: हा षड्ज असावा, हा कोमल गंधार, छे, कोमलही नव्हे, शुद्धही नव्हे, दोहोंच्या मधल्या कुठल्याशा अंधाऱ्या पायरीवरचा. ताल नव्हता. खालच्या सुरांत त्या जवळजवळ बोलतच होत्या, एखाद्यानं बंद दाराशी उभं राहून आतल्या माणसाला समजवावं तशा. मग आवाज एक पायरी वर चढला आणि तिथे उभा राहिला. पुन्हा एक पायरी. आणि वर पोचल्यावर गळ्याच्या आत काहीतरी मोडलं, मोडता मोडता घुंगरासारखं वाजलं आणि पुन्हा सांधलं गेलं. या मोडण्याला ते लोक झंगुला म्हणतात. हुंदक्याला वर्षानुवर्षं शिस्त लावली की त्याचा झंगुला होतो, हे मला पुढे सोल्माझ खानुमनीच सांगितलं.

डोळ्यांत पाणी आलं, असं लिहिणं सोपं आहे. आलं नाही. माझा जबडा दुखू लागला. दाढ ठणकावी तसा, कानापासून हनुवटीपर्यंत. कितीतरी दिवस काहीतरी दातांखाली दाबून धरलं होतं, ते तेव्हा मला कळलं.

आदल्या नोव्हेंबरात माझी आई अमरावतीला वारली होती.

आमच्या घरी मोठ्यानं रडत नसत. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. अंगणात आमच्याकडे भांडी घासणाऱ्या केसरबाई जमिनीवर बसून हेल काढून रडत होत्या. वडिलांचा एकेक गुण, त्यांनी आणलेलं लुगडं, त्यांच्या चपलांचा आवाज, सगळं सुरात सांगून सांगून रडत होत्या. मला त्यांच्याजवळ जाऊन बसायचं होतं. माझ्याही तोंडून आवाज फुटला, तोच आईचा हात तोंडावर आला. “हळू. शेजारी ऐकतील.” आत आत्या कुजबुजली, “त्या केसरला कुणीतरी आवरा गं, तमाशा लावलाय नुसता.” आईनं त्या दिवशी, आणि त्यानंतर तेहतीस वर्षं, एकही हुंदका बाहेर पडू दिला नाही. सगळे तिच्या धीराचं कौतुक करत. मीही करत असे.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा माझा पासपोर्ट घरात नव्हता. इथे कायम राहण्याच्या अर्जासोबत तो क्रॉयडनच्या कार्यालयात होता. वृंदा, माझी पत्नी, म्हणाली, “अहो, तुम्ही स्वतः जा. पर्सनली जाऊन सांगा. अशा वेळी देतात ते लगेच. डेथ इन द फॅमिली म्हणा, स्पष्ट म्हणा.” मी पहाटेची गाडी पकडून लंडनला आणि तिथून क्रॉयडनला गेलो. रांग लावली. माझा नंबर आला. काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं, काही विशेष निकड आहे का? मी म्हणालो, “फॅमिली मॅटर.” त्या क्षणभर थांबल्या. मला खात्री आहे की त्या थांबल्या. डोळे वर करून, भुवया किंचित उंचावून त्यांनी माझ्या पुढच्या वाक्यासाठी जागा ठेवली. ते वाक्य तीन शब्दांचं होतं. माझ्यामागे कोणी तरी खोकलं. मी म्हणालो, “इट्स ऑल राइट. आय कॅन वेट.” आणि त्यांचे आभार मानून निघालो.

घरी आल्यावर वृंदानं विचारलं, “सांगितलंत ना?” मी म्हणालो, “हो. नियमात बसत नाही.” अंत्यसंस्कार धाकट्या भावानं केले. ते कार्यालय बिचारं पाच वर्षं माझ्या घरात निर्दय म्हणून प्रसिद्ध आहे. वृंदाला खरं काय ते हे वाचतानाच कळेल.

असा मी, कचऱ्याची पिशवी हातात धरून, गल्लीत उभा होतो. सोल्माझ खानुमनी गाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, परंतु त्या ते न लाजता बोलत. मला त्याचा हेवा वाटे. “श्रीधर मुअल्लिम,” त्या म्हणाल्या. मुअल्लिम म्हणजे गुरुजी; शिकलेल्या पुरुषाला तिकडे असंच म्हणतात. “तुम्ही ऐकता, पण आवाज करत नाही. आमच्याकडे ऐकणारा गप्प राहिला तर गाणारा समजतो, मेला असावा.”

मी हसलो. तेही बिनआवाजी.

“सुंदर जागा आली की म्हणायचं, ‘साग ओल’. जिवंत राहा, बरं असो, असं. म्हणा.”

“थँक यू,” मी म्हणालो.

“हे तुम्ही बस ड्रायव्हरला म्हणता!”

त्यानंतरचे मंगळवार मी त्यांच्या स्वयंपाकघरात काढले. आयनूरच्या सांगण्यावरून, आईला तेवढीच सोबत. खिडकीत ताटलीत गहू पेरलेले असत, आपण नवरात्रात पेरतो तसे, आणि त्यांना तांबडी फीत बांधलेली. कंबरेत निमुळत्या पेल्यातून काळा चहा. त्या पीठ मळता मळता गात. मुगाम म्हणजे काय ते मला अशा पिठाळ हातांनी समजावून सांगण्यात आलं. आपल्या रागासारखे त्यांचे मुगाम, आणि त्यांतला सेगाह त्यांचा विशेष लाडका. तो खालून सुरू करावा लागतो, आणि घाई करता येत नाही, कारण वरच्या सुरापर्यंत नेताना गाणारा ऐकणाऱ्यालाही सोबत चढवत असतो. वाटेत कोणी मागे राहिला तर त्याच्यासाठी थांबावं लागतं. “किती वेळ लागतो?” असं मी प्रयोगशाळेतल्या सवयीनं विचारलं. त्या म्हणाल्या, “ऐकणारे हलके असतील तर अर्धा तास. जड असतील तर जास्त. तुम्ही फार जड आहात, मुअल्लिम.”

प्रत्येक सुंदर जागेला त्या माझ्याकडे बघत. ‘साग ओल’ माझ्या जिभेच्या टोकाशी येई आणि मी मान डोलावी. जबडा मात्र दर मंगळवारी थोडा थोडा सैल होत होता. मला वाटू लागलं होतं, अजून काही मंगळवार मिळाले तर एखाद्या वेळी मला रडता येईल. एवढीच माझी आकांक्षा होती. सत्तेचाळीस वर्षांच्या, दोन पदव्या घेतलेल्या माणसाची.

इथे मंडळाची हकिगत सांगायला हवी. गावातल्या मराठी मंडळींचं आमचं लहानसं मंडळ आहे आणि मी त्याच्या समितीवर होतो. बोलत नाही, त्यामुळे कोणाशी भांडत नाही, या गुणावर. त्या वर्षी गुढीपाडवा आणि नवरोज एकाच दिवशी आले, रविवारी. इथला मदरिंग संडेही त्याच दिवशी. दुकानांत महिनाभर ‘आईला विसरू नका’ अशी कार्डं लावलेली. समितीची सभा अध्यक्षा मृणालताईंच्या घरी, चिवड्याच्या वाटीभोवती. मी धीर करून म्हणालो, की आमच्या शेजारी एक गायिका आहेत.

“अझरबैजानी?” मृणालताई म्हणाल्या. “मग पाडव्याला त्यांचा काय संबंध हो, सबनीस?”

“त्यांचंही नवीन वर्ष त्याच दिवशी आहे.”

“अय्या, खरंच? मग थीमच करू ना! न्यू इयर्स ऑफ द वर्ल्ड! एक चायनीज ड्रॅगन मिळाला असता तर काय मजा आली असती.” सगळे हसले. “चालेल, मुलांच्या नाचानंतर आणि जेवणाच्या आधी टाका. दहा मिनिटं. आणि सबनीस कधी नव्हे ते बोलले म्हणून, जा, दोन मिनिटं बोनस!”

सेगाह बारा मिनिटांत होत नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी चिवडा खाल्ला.

सोल्माझ खानुमनी आधी दोनदा नकार दिला. गाव सुटल्यापासून त्या लोकांसमोर गायल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा मी विचारलंही नाही, अखेरच्या मंगळवारी, मातीच्या मंगळवारी, त्या आपण होऊन म्हणाल्या, “येईन.” आयनूर कामावरून आली होती, तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि आईकडे बघत राहिली. मग मला सांगितलं गेलं ते असं. आयनूरला मोठा भाऊ होता, एलचिन. गाव सोडताना तो मागे राहिला, आजीला घेऊन येतो म्हणाला. आजी शेजाऱ्यांसोबत आली. तो आला नाही. प्रेत नाही, पत्र नाही, त्यामुळे मरण नाही आणि शोकही नाही. अकरा वर्षं आईनं त्याचं नाव मोठ्यानं उच्चारलेलं नव्हतं.

“सेगाहमध्ये सर्वांत वर एक जागा येते,” सोल्माझ खानुम म्हणाल्या, “तिथे गाणाऱ्याला हाक मारायची मुभा असते. कोणी देवाला मारतं, कोणी लेकराला. मी तिथे त्याला हाक मारणार आहे.”

आयनूर म्हणाली, “मामा,” आईला ती असंच म्हणे, “इथे मार ना. घरात मार.”

“घरात हाक मारली तर ते रडणं,” त्या म्हणाल्या. “माणसांत मारली तर गाणं. मला त्याच्यासाठी गायचंय. साक्षीला माणसं हवीत.” आणि माझ्याकडे वळून, “तुमची माणसं ऐकून घेतील ना?”

या ठिकाणी बारा मिनिटांविषयी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “हो. अवश्य.”

मृणालताईंना मी सांगितलं नाही की सोल्माझ खानुमना वेळ लागेल. सोल्माझ खानुमना सांगितलं नाही की वेळ नाही. दोघींनाही दुखवायचं नव्हतं. माझ्यासारख्या भिडस्त माणसांविषयी लोक म्हणतात, की आम्ही मुंगीलाही दुखवत नाही. आम्ही दुखवतो, हातात शस्त्र न घेता. कोणीतरी दुसरा ते आमच्या हातात आणून देईपर्यंत वाट बघतो, एवढंच.

ते शस्त्र म्हणजे देवघरात असते तशी पितळी घंटा होती. पूर्वी कोणा एका भाषणकर्त्यानं श्रीखंडाचं पातेलं पातळ होईपर्यंत मंडळाला धरून ठेवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला वक्तृत्व स्पर्धेसारख्या दोन घंटा असत, पहिली सावध करणारी, दुसरी थांबवणारी. आणि ती वाजवण्याचं काम परंपरेनं माझ्याकडे, कारण मला बोलायचं नसे.

शाळेचं सभागृह भाड्यानं घेतलेलं. पडद्याच्या दांड्याला जरीचा खण, त्यावर तांब्या, अशी गुढी खुर्चीला बांधलेली. मुलांचे नाच झाले. सूत्रसंचालन करणारी मृणालताईंची इथेच जन्मलेली मुलगी माइकवर म्हणाली, “आता आपला नेक्स्ट गाणी आहे, ऑल द वे फ्रॉम अझरबैजान!” सोल्माझ खानुम काळा पोशाख, रेशमी रुमाल आणि हातात डफ घेऊन चढल्या. खुर्ची नाकारली. डफ गालाशी धरला, आवाजाला आडोसा केल्यासारखा, आणि अगदी खालून सुरुवात केली.

पहिली तीन-चार मिनिटं सभ्य शांतता होती. मग खुर्च्या कुरकुरल्या. कोणाचं बाळ रडलं, तेव्हा त्यांनी त्या बाळाकडे बघून सूर जरा मृदू केला. सोबत घेतलं त्याला. वृंदा माझ्या कानाशी म्हणाली, “काय आवाज आहे हो! पण सणाच्या दिवशी कसलं डिप्रेसिंग.” मागून एक लहान मुलगी स्पष्ट विचारती झाली, “आई, ही बाई का रडतो?” आणि त्या रांगेत हसू दाबलं गेलं. स्वयंपाकघराच्या दारातून तळणीचा वास यायला लागला. सोल्माझ खानुम एक पायरी वर आल्या. थांबल्या. दुसरी पायरी. मी ओळखत होतो तो जिना. त्यांची नजर माझ्यावर आली, एका सुंदर जागेवर, आणि मी मान डोलावली.

दहा मिनिटं झाली. मी पहिली घंटा वाजवली.

त्या हसल्या. त्यांना वाटलं, ही आमची पद्धत. सुंदर जागेला आम्ही घंटा वाजवतो. इतक्या मंगळवारांनंतर अखेर माझ्याकडून दाद आली, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघून हात छातीशी नेला आणि दुप्पट बळानं वर चढल्या. असा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. त्यात आता विनवणी उरली नव्हती. दारावर सरळ मुठी होत्या. झंगुला आला, एक, पुन्हा एक, आणि माझा जबडा खरोखरच उघडला. मला जाणवलं की माझ्या पोटातून काहीतरी वर येत आहे, केसरबाईंच्या आवाजात, आणि ते अडवायला कोणाचाही हात नाही.

“सबनीस,” मृणालताई वाकून म्हणाल्या, “अहो, बारा मिनिटं होऊन गेली. पुऱ्या गार होतायत, तीन वाजता केअरटेकर कुलूप लावतो. वाजवा ना!” मी त्यांच्याकडे पाहिलं. फक्त ‘थांबा’ म्हणायचं होतं. त्या वाईट बाई नाहीत. म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या. “अहो, वाजवताय ना?”

मी दुसरी घंटा वाजवली.

टाळ्या सुटकेच्या होत्या, म्हणून फार मोठ्या होत्या. सोल्माझ खानुमचं तोंड उघडंच होतं. त्यांनी श्वास घेतलेला मला दिसला, हाकेआधीचा. तो टाळ्यांत त्यांनी तसाच सोडून दिला. क्षणभर समोरच्या माणसांकडे पाहिलं, समजल्या, डफ खाली केला आणि वाकून नमस्कार केला. माइकवर मृणालताई म्हणाल्या, “वा, वा! अगदीच वेगळं, नाही? भाषा कळली नाही, पण भावना पोचल्या! आता मंडळी, श्रीखंड वाट बघतंय!” हास्याचा कल्लोळ झाला. रांगेत उभं राहून मी त्यांच्यासाठी ताट वाढून आणलं. आयनूरनं ते घेतलं नाही. आईनं घेतलं. दोन पुऱ्या खाल्ल्या.

त्याच उन्हाळ्यात त्या दोघी स्लाऊला गेल्या, आयनूरला तिकडे काम मिळालं. तोवर घरातून किंवा गल्लीतून गाणं असं पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लोकर मात्र शेवटपर्यंत झोडली जात होती. काठी थांबे, मी खिडकीशी येई, आणि काठी पुन्हा सुरू होई.

पाडव्यानंतरच्या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. क्षमा मागायची होती. वाक्यं तयार होती, इंग्रजीत, उत्तम व्याकरणात. त्यांनी चहा दिला. खिडकीतले गहू बोटभर उंच झाले होते. मी म्हणालो, की उरलेला सेगाह त्यांनी इथे, माझ्यापुरता, पूर्ण करावा. माझी फार इच्छा आहे.

“उरलेला?” त्या म्हणाल्या. “मुअल्लिम, ते काय पाव आहे? मधून तोडलं ते मधून सुरू होत नाही. पुन्हा तळापासून यावं लागतं. मी अकरा वर्षं तळाशी बसून तेवढा दम जमवला होता.” आवाजात राग नव्हता. राग असता, तर तो सोसणं मला सोपं गेलं असतं. “मला वाटलं, तुम्ही घंटेनं दाद देता. किती मूर्ख बाई.”



त्यांनी हात पुसले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “आयनूर सांगते, तुमची आई गेली. तुम्ही जाऊ शकला नाहीत.”

“हो.”

“तिला काय म्हणून हाक मारायचात?”

मी खिडकीतल्या गव्हाकडे पाहिलं.

“आमच्याकडे शोक मध्येच थांबवला तर ज्यानं थांबवला त्यानं पुढे न्यायचा. ही जुनी रीत नाही. माझी आहे, आत्ता केली. तुम्ही मारा हाक. माझ्या मुलाला नको, तुमच्या आईला. मी ऐकते. घंटा नाही माझ्याकडे.”

“मला गाता येत नाही,” मी म्हणालो.

“गाता येतं का, असं विचारलं नाही मी. तुमचं कोणी मेलंय का, एवढंच विचारते.”

आणि त्या थांबल्या. हात मांडीवर ठेवून, भुवया किंचित उंचावून. बाहेर ऊन होतं. मी तोंड उघडलं. तो शब्द दोन अक्षरांचा आहे, मूल तो पहिल्या वर्षात शिकतं, आणि तो माझ्या घशात होता, मला त्याचा आकार जाणवत होता. त्या तसूभर पुढे झुकल्या. ओठ त्यांचेही हलले, मला सोबत करायला.

“सॉरी,” मी म्हणालो. हळू. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडल्यावर म्हणतात तसं.

त्यांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग माझ्यासमोरचा पेला उचलला, उरलेला चहा सिंकमध्ये ओतला, पेला विसळून पालथा घातला, आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.